साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

मुंबईतल्या विषमतेचा एक फोटो जगभर फिरत असतो. ड्रोनने किंवा हेलिकॉप्टरमधून काढलेला. एका बाजूला निळ्या ताडपत्र्या आणि गंजके पत्रे, दुसऱ्या बाजूला टॉवर आणि त्याच्या पोडियमवरचा पोहण्याचा तलाव, मध्ये एक भिंत. दिवाळी अंकांनीही तो भरपूर वापरला आहे. मला त्या फोटोचा कंटाळा आलाय. तो खोटा आहे असं नाही, पण तो पाहून वाटतं की ताडपत्री गेली, विटांची भिंत उभी राहिली, वर स्लॅब पडला, की प्रश्न मिटला. गेल्या तीस वर्षांत या शहरातल्या गरिबांना पक्की घरं मिळालीच नाहीत असं कुणी म्हणू शकणार नाही. ती लाखांच्या हिशेबात मिळाली आहेत. तोच ड्रोन गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडवरून फिरवा. खाली ओळीने मांडलेल्या काँक्रीटच्या पेट्या दिसतील. नीटनेटक्या, एकसारख्या. वरून दिसत नाही ते दोन पेट्यांच्या मधलं अंतर. ते तीन मीटर आहे.

तीन मीटर म्हणजे दहा फूट. दोन्ही बाजूंना तळमजला अधिक सात मजले. अशा साठेक इमारती आणि त्यांत पंचवीस हजारांच्या आसपास माणसं. समोरासमोरच्या खिडक्यांतून बायका आवाज न चढवता बोलतात. बोळाच्या तळाशी ड्रेनेजच्या पाइपांचं जाळं, वरून टाकलेल्या कचऱ्याच्या पिशव्या, कुठल्यातरी फुटक्या जोडातून सतत ठिबकणारं पाणी आणि त्यावर पोसलेलं शेवाळ. खालच्या मजल्यांवर खिडकी उघडी ठेवली तर वास येतो, उंदीर येतात, म्हणून कितीतरी खिडक्यांना बाहेरून जाळी आणि आतून प्लायवूड ठोकलेलं. म्हणजे दहा फुटांतून जो काही उजेड आणि वारा यायचा, तोही लोकांनी स्वतःच्या हातांनी बंद केलेला. वरचे लोक कचरा टाकतात म्हणून खालचे खिडकी लावून घेतात. खिडकी बंद असते म्हणून वरच्यांनाही टाकताना कुणी पाहत नाही. इथल्या भांडणांची निम्मी कारणं या बोळांत सापडतील.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात बसलो होतो. मे महिना, भर दुपार. बाहेर रस्त्यावर ऊन डोळ्यांत जात होतं आणि घरात ट्यूबलाइट चालू होती. घरातल्या बाई इमिटेशन दागिन्यांचे मणी ओवत होत्या. डझनावर पैसे मिळतात. मी उजेडाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “बंद करून दाखवू काय, भाऊ?” आणि खरंच उठून बटण दाबलं. त्यांच्या हातातली सुई दिसेनाशी झाली. मणी दिसत होते, तेही ते चकचकीत होते म्हणून. मग पुन्हा दिवा लावून त्या ओवायला बसल्या. “तिकडं रुळाच्या कडेला होतो ना, तेव्हा हेच काम दारात बसून करायचे. लाइट लावायची ती सातनंतर.” मग तिकडे बरं होतं का? “परत जा म्हणाल तर नाय जाणार. इथं संडास घरात आहे. दोन पोरी आहेत मला.”

हे दुसरं वाक्य विसरून चालणार नाही. झोपडीत ऊन होतं म्हणून झोपडी चांगली, असलं काही मला म्हणायचं नाही. रुळाकाठच्या वस्तीत गाडी अंगावरून गेल्यासारखी जायची, पोरं रुळांवर खेळायची आणि सकाळी अंधारात उठून बाहेर जावं लागे. मुंबई नागरी परिवहन प्रकल्प, म्हणजे एमयूटीपी, जागतिक बँकेच्या कर्जावर २००२ मध्ये सुरू झाला. रुळांच्या आणि नव्या रस्त्यांच्या कडेची लाखावर माणसं त्यात हलली. त्यातली बरीच स्वतःहून तयार झाली होती, वस्तीच्या संघटना त्यात सामील होत्या. कागदावर नाव, दाराला क्रमांक, मोरी, संडास, आणि २२५ चौरस फूट. कुणाला कोणता मजला ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. सातव्या मजल्याची चिठ्ठी निघालेल्यांना तेव्हा वाईट वाटलं, कारण लिफ्टचा भरवसा नव्हता. आता तळमजल्यावरची माणसं त्यांचा हेवा करतात.

घरात उजेड किती असावा याचं माप या शहराला माहीत नव्हतं असं नाही. शंभर वर्षांपूर्वीच ते कोनमापकाने आखून झालं होतं.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला आणि पाहता पाहता निम्मं शहर गावाकडे पळालं. रोग पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. साहेबाला दोष दिसला तो दाटीवाटीत, अंधारात आणि घरगल्ल्यांत. घरगल्ली म्हणजे दोन चाळींच्या पाठींमधला अरुंद बोळ, ज्यातून मैला आणि सांडपाणी जायचं. १८९८ च्या कायद्याने बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. समुद्राचा वारा शहराच्या पोटात शिरावा म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट कापला, सँडहर्स्ट रोड कापला. घरं पाडली भरपूर, बांधली त्या मानाने थोडी. बेघर झालेले शेजारच्या चाळींत शिरले आणि तिथली दाटी वाढली. पुढे कितीतरी सरकारी सुधारणांनी हाच धडा गिरवला.

या ट्रस्टचे एक अध्यक्ष होते जे. पी. ऑर. आयसीएस अधिकारी, आणि उजेडाच्या बाबतीत जरा वेडेच. त्यांनी एक नियम लावून धरला: खोलीच्या खिडकीच्या पायथ्यापासून समोर साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात रेषा काढा, समोरची इमारत त्या रेषेच्या वर डोकावता कामा नये. अंश साडेत्रेसष्टच का, तर या कोनात हिशेब सोपा होतो. उंची दोन, तर अंतर एक. समोरची भिंत चाळीस फूट असेल तर मध्ये वीस फूट मोकळं सोडायचं. एवढं सोडलं की तळमजल्यावरच्या खोलीतही दिवसा काम करण्याइतका उजेड येतो, असं ते चित्रं काढून समजावत. ट्रस्टच्या जमिनींवर हा नियम लागू झाला. शहरभर लागू करायचा म्हटल्यावर घरमालकांनी कुरकुर केली. जागा सोडायची म्हणजे भाडं सोडायचं.

नियम जन्मला प्लेगच्या चाळींमुळे. तो पुरता फळाला आला तो मात्र दादर-माटुंग्याला. हिंदू कॉलनीच्या गल्ल्यांतून आजही चालून पाहा, पारशी कॉलनीत जा. तीन मजली घरं, मध्ये झाडं मावतील एवढी जागा, आणि दुपारी चारलाही तळमजल्यावरच्या आजोबांना दिवा न लावता पेपर वाचता येतो. मराठी मध्यमवर्गाने या गल्ल्यांवर किती प्रेमाने लिहिलं आहे! पण त्या उजेडाचा नियम मांडवी-नागपाड्याच्या मेलेल्या माणसांमुळे आला, हे त्या लिखाणात कुठे आढळत नाही.

कामगारांच्या वाट्याला काहीच आलं नाही असंही नाही. ट्रस्टने आग्रीपाडा, परळ अशा ठिकाणी चाळी बांधल्या. ट्रस्टच्याच परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत डॉ. आंबेडकरांनी आयुष्याची वीसेक वर्षं काढली. मग १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, म्हणजे बीडीडीच्या, २०७ चाळी आल्या: वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला. सुरुवातीला कामगार त्यांत राहायला येईनात. वरळीच्या चाळींचा उपयोग सविनय कायदेभंगाच्या काळात तात्पुरता तुरुंग म्हणून झाला, यावरून वास्तुरचनेची कल्पना यावी. पण दोन चाळींच्या मध्ये त्यांनीही जागा सोडली होती. त्याच जागेत शंभर वर्षं लग्नं लागली, दहीहंड्या फुटल्या, क्रिकेटच्या मॅचेस झाल्या.

आता नव्वदचं दशक. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं, झोपडीवासीयांना फुकट घराचं वचन घेऊन. वर्षाच्या अखेरीला झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे एसआरए, कामाला लागलं. हिशेब असा: बिल्डरने झोपडीवाल्यांना घरं फुकट बांधून द्यायची; त्या बदल्यात त्याला बाजारात विकायला जास्तीचं बांधकाम मिळणार. सरकारच्या तिजोरीतून पैसा जात नाही, म्हणून योजना सगळ्यांच्या आवडीची. पण घर फुकट म्हटलं की त्यावरचा प्रत्येक इंच खर्चात धरला जातो. म्हणून पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या अटी सैल करून देण्यात आल्या. प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतींत तर अंतर तीन मीटरपर्यंत खाली आलं. तेवीस मीटर उंचीच्या भिंतीसमोर तीन मीटर. ऑरसाहेबांचा कोनमापक इथे लावला तर साडेब्याऐंशी अंश भरतो. त्यांच्या नियमाने दहा फुटांच्या बोळात समोर वीस फुटांची इमारत चालली असती. तळमजला आणि वर एक मजला, बस्स.

वाचवलेली जागा कुठे गेली, हा या गोष्टीतला सगळ्यात मनोरंजक भाग, आणि तो टीडीआर या तीन अक्षरांत आहे. मानखुर्द-गोवंडीत जमीन स्वस्त. तिथल्या जमिनीवर मालकाने प्रकल्पग्रस्तांसाठी घरं बांधून सरकारच्या हवाली केली, की त्याला जमिनीच्या आणि बांधकामाच्या बदल्यात विकास हक्काचं प्रमाणपत्र मिळतं. पैसे नाहीत, कागद मिळतो. तो कागद उपनगरात दुसरीकडे नेऊन तिथल्या इमारतीवर जास्तीचे मजले चढवता येतात, किंवा दुसऱ्या बिल्डरला विकता येतो. एमयूटीपीची बरीच घरं अशीच बांधून घेतली गेली. म्हणजे माणसं जितकी दाटीने कोंबाल तितका कागद जास्त, आणि तो वापरायचा जिथे चौरस फुटाला भाव आहे तिथे, म्हणजे वांद्रे, खार, जुहू, अंधेरीच्या पट्ट्यात. गोवंडीत दोन इमारती एकमेकींच्या अंगावर आल्या, त्याचे मजले पश्चिम उपनगरातल्या कुणाच्या तरी इमारतीवर चढले आणि तिथल्या फ्लॅटच्या जाहिरातीत लिहिलं गेलं: तिन्ही बाजूंनी खेळती हवा. मी टीडीआरच्या विरोधात लिहिलेली बरीच भाषणवजा पत्रकं वाचली आहेत. भ्रष्टाचार, संगनमत वगैरे. तेही असेल. पण एकही पैसा खाल्ला गेला नाही असं धरलं तरी ही यंत्रणा नेमकं हेच करते. तिची रचनाच तशी आहे.

२०१८ मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईतले संशोधक यांनी गोवंडी-मानखुर्दच्या एम-पूर्व प्रभागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास पुढे आणला. नटवर पारेख कंपाउंड, मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी. तिन्ही जवळजवळ. तिन्ही गरिबांच्या. देवनारच्या डंपिंगचा वास तिन्हींना. फरक बांधणीत. पीएमजीपी कॉलनी आधीच्या पिढीतली, राजीव गांधींच्या काळात पंतप्रधान अनुदान प्रकल्पातून आलेल्या योजनेची. इमारती बुटक्या आणि मध्ये अंतर. तिथे क्षयरोगाचं प्रमाण अगदी कमी होतं. उरलेल्या दोन वसाहतींत साधारण दर दहा घरांमागे एका घरात क्षयरोगाचा रुग्ण सापडला. संशोधकांनी खिडकीतून आकाश किती दिसतं, खोलीत दिवसाचा उजेड किती तास टिकतो, हवा किती खेळते हे मोजून रुग्णांच्या नोंदींशी ताडून पाहिलं. जिथे आकाश कमी दिसत होतं तिथे, म्हणजे खालच्या मजल्यांवर, आजार जास्त होता.

क्षयाच्या जंतूंची रीत साधी आहे. खोकल्याबरोबर ते हवेत तरंगतात. खोलीत वारा फिरत असेल तर विरळ होतात, ऊन पडत असेल तर मरतात. दोन्ही नसेल तर तासन्तास तिथेच राहतात, आणि २२५ चौरस फुटांत सहा-सात माणसं झोपतात. रुग्णाला सरकारी गोळ्या फुकट मिळतात, पोषणासाठी पैसेही खात्यात येतात. तो बरा होऊन पुन्हा त्याच खोलीत झोपतो. या भागात दवाखाना चालवणारे एक डॉक्टर मला म्हणाले, “मी प्रिस्क्रिप्शनवर खिडकी लिहून देऊ शकत नाही.” ते हे वाक्य पूर्वीही पत्रकारांना सांगत आले असावेत, तरी मी लिहून घेतलं.

गोवंडीच का, हेही विचारायला हवं. कारण ही मुंबईची जुनी सवय. नको ते पूर्वेला टाकायचं. १९२७ पासून देवनारला शहराचा कचरा पडतोय. १९७१ मध्ये कत्तलखाना तिथे गेला. माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने आधीच होते, पलीकडे तुर्भ्याला अणुशक्ती केंद्र. १९७६ मध्ये, आणीबाणीत, त्या केंद्रालगतची जनता कॉलनी पाडली गेली आणि हजारो माणसं चिता कॅम्पला नेऊन सोडली; झोपडीवासीयांचे नेते जोकिन अर्पुथम यांचं सगळं पुढचं काम त्या लढ्यातून उभं राहिलं. महापालिकेच्याच २००९ च्या मानव विकास अहवालात चोवीस प्रभागांत गोवंडीचा एम-पूर्व प्रभाग तळाला निघाला. आश्चर्य कुणालाच वाटलं नाही. मग २०१७ नंतर तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या हटवून लोकांना माहुलच्या रिकाम्या इमारतींत पाठवण्यात आलं. तिथली हवा आरोग्याला घातक आहे, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच नोंदवून ठेवलं होतं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं, लोकांना तिथे जायची सक्ती करू नका, पर्यायी घर द्या नाहीतर महिन्याला पंधरा हजार रुपये भाडं द्या. तोवर तिथे किती जणांना दमा जडला, कुणाची किती नातवंडं आजारी पडली, हे माहुलच्या बायका तारीखवार सांगतात.

एखाद्याला वाटेल, हे गरिबांच्याच इमारतींचं दुखणं. तसं नाही. मोकळी जागा कमी सोडण्याची मुभा या शहरात सर्वांना आहे, फक्त श्रीमंतांना ती विकत मिळते. जागेच्या तुटीपोटी महापालिकेकडे अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, भरायचा, की आयुक्त सूट देतात. मधल्या काळात नियमातलं अर्ध्या उंचीचं अंतर सामान्य इमारतींसाठी उंचीच्या एक तृतीयांशावर आलंच होतं. त्यातही तूट, त्यावर प्रीमियम. पण टॉवरला या तुटीचा त्रास फारसा होत नाही. खाली सात-आठ मजले गाड्या असतात. माणसं राहायला लागतात ती त्यांच्या वर, जिथे समोर काही नसतं. अंधारात उभ्या राहतात त्या गाड्या.

ताडदेवला एम. पी. मिल कंपाउंडमध्ये हे चित्र एकाच जागेवर दिसतं. झोपडपट्टीच्या जमिनीवर पुनर्वसन योजनेतून उभे राहिलेले साठ-साठ मजल्यांचे दोन इम्पिरियल टॉवर, २०१० मध्ये पुरे झाले तेव्हा देशातले सगळ्यात उंच. पायथ्याशी मूळ रहिवाशांच्या इमारती. ज्यांची जमीन दाखवून ही उंची मिळाली, ते त्या उंचीच्या सावलीत. तिथली काही मंडळी मात्र खूश होती आणि त्यांनी मला झटकूनच टाकलं: घर ताडदेवला आहे, विकायचं ठरवलं तर किती येतील माहीत आहे का? त्यांचं म्हणणं व्यवहारी होतं, आणि गोवंडीच्या माणसाला असं म्हणायची सोय नाही.

लोकांना उजेडाची किंमत कळत नाही, असं नगररचनेतले काही जण खासगीत म्हणतात. नटवर पारेखमध्येच त्याला उत्तर आहे. इथल्या तरुणांनी काही संस्थांबरोबर बोळ साफ केले, पोरांसाठी वाचनालय काढलं, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ‘गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल’ भरवला. वसाहतीतल्या भिंती रंगल्या, नाटकं झाली, पोरापोरींनी काढलेले फोटो लागले. त्यांना काय कळतं आणि काय नाही ते तिथे जाऊन पाहावं. तीन मीटरचे चार मीटर मात्र कुणाला करता येत नाहीत. सिमेंट एकदा ओतलं की पुढची पन्नास वर्षं ते तसंच.

म्हणून जे अजून ओतलेलं नाही त्याकडे पाहायला हवं. नियमांनी एका बाबतीत सुधारणा केली आहे: पुनर्वसनाचं घर २२५ वरून २६९ आणि मग ३०० चौरस फुटांवर आलं. वरळीच्या बीडीडी चाळींत तर ५०० चौरस फूट देताहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या आणि म्हाताऱ्या माणसांनी उंबरठ्यावर माप ओलांडलं. आनंदाचीच गोष्ट. पण सभांमध्ये, जाहीरनाम्यांत, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत फक्त चौरस फूट. घर मोठं होतं आणि इमारत उंच होते, तेव्हा खिडकीसमोरची भिंतही उंच होते. ती किती लांब आहे यावर एकही मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही. युनियनवाल्या एका मित्राला हे बोललो तर तो हसला. “अंतरासाठी कोण झेंडा उचलणार? चौरस फूट नावावर चढतो. अंतर कुणाच्याच नावावर नसतं.”

धारावीचं काम आता निघालं आहे. २०२२ मध्ये निविदा अदानी समूहाकडे गेली, २०२५ मध्ये आराखडा मंजूर झाला. १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीधारकांना धारावीतच फुकट घर. त्यानंतर आलेले आणि झोपडीच्या वरच्या मजल्यावर राहणारे, यांची सोय धारावीबाहेर. हे वरच्या मजल्यावरचे लोक म्हणजे लोखंडी शिडीने चढून दहा बाय दहाच्या खोलीत राहणारे भाडेकरू, शिलाई कारागीर, जरीकाम करणारे. त्यांनी ती खोली घेतली त्यात भाडं हे एक कारण आणि कामाला उजेड मिळतो हे दुसरं. मिठागरांच्या जमिनींबरोबर त्यांच्यासाठी देवनारच्या डंपिंगवरची १२४ एकर जागा ठरली आहे. तिथला कचरा आधी उपसायचा आहे, तो शंभर वर्षांचा, लाखो टनांचा. त्याचं कंत्राट, त्याचे दर, मिथेन वायू, यांवर वर्तमानपत्रांत रोज येतं आणि यायलाच हवं. कचरा कधीतरी निघेल. मग इमारतींचे नकाशे मंजुरीला जातील. ते माहितीच्या अधिकारात मागवता येतात, आणि त्यात चटई क्षेत्राच्या रकान्याआधी आडव्या छेदाचं चित्र उघडावं: समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्ये बाणाची दोन टोकं असतात आणि त्यावर एक आकडा लिहिलेला असतो.